एकतीस डिसेंबरचं पान

मित्रांनो, मी एक जुनी डायरी आहे. माझ्या तांबड्या रेक्झिनच्या पुठ्ठ्यावर सोनेरी आकड्यांत २०१३ असं छापलेलं होतं. तो सोनेरी रंग कधीच उडाला. आता बोट फिरवलं तर आकड्यांचे खड्डे तेवढे हाताला लागतात. डायरीचं आयुष्य एका वर्षाचं असतं, हे मला छापखान्यातच कळलं होतं. पहिल्या पानावर एक जानेवारी, शेवटच्या पानावर एकतीस डिसेंबर आणि पुढे पुठ्ठा. तरी मी अजून आहे. का आहे, तेच तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म औरंगाबादच्या एका छापखान्यात झाला. एका पतसंस्थेने आपल्या सभासदांना नव्या वर्षाची भेट म्हणून आम्हा आठशे बहिणींना छापून घेतलं होतं. पहिल्या पानावर चेअरमनसाहेबांचा हात जोडलेला फोटो, मग संचालकांची नावं, मग सणवार, ग्रहणं आणि रेल्वेचं वेळापत्रक. आमच्या तालुक्यात रेल्वे नाही, पण वेळापत्रक मात्र होतं.

पाटोद्याजवळच्या एका गावात सोमलिंगअप्पांचं किराणा दुकान होतं. सभासद म्हणून मी त्यांना मिळाले. त्यांनी मला उलटसुलट करून बघितलं, वास घेतला आणि आपल्या मुलीला हाक मारली.

"गंगे, हे घे. तुला लई कामं असत्यात. लिहून ठेवत जा."

मुलीचं नाव गंगासागर. गावात सगळे गंगा म्हणत, बीडच्या कॉलेजात मैत्रिणी सागर म्हणत. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. एसटीच्या पासावर तिचं नाव वाचून कंडक्टर एकदा म्हणाला होता, "नाव बघा, गंगासागर! अन् गावाला टँकर." सगळी गाडी हसली होती. तीही हसली होती. त्या वर्षी गावातल्या विहिरींचे तळ दिसत होते आणि आठवड्यातून तीनदा टँकर येत होता.

तिने माझ्या पहिल्याच कोऱ्या पानावर दिवसाचं वेळापत्रक लिहिलं. पावणेपाचला उठणे. पाचला धार. साडेपाचला दूध संस्थेत माप. टँकर असेल तर सहाला हंडे. सव्वासातची एसटी. नऊ ते दोन कॉलेज. अडीच ते चार कॉम्प्युटरचा क्लास. साडेपाचला घरी, सहाला पुन्हा माप, मग अभ्यास. त्याखाली तिने 'केस विंचरणे' असं लिहिलं होतं आणि पुढे वेळ टाकायला जागाच उरली नव्हती.

दूध संस्था बायकांची होती. गंगाची आई नीलाबाई तिची अध्यक्ष. एके काळी सेहेचाळीस बायका दूध घालत. दुष्काळात एकेकीने जनावर विकलं आणि दूध घालणाऱ्या तीस राहिल्या. दूध न्यायला रोज टेम्पो येई. पण दूध अजून घटलं तर टेम्पो या वाटेला येणार नाही, असं ड्रायव्हर दर दोन दिवसांनी ऐकवून जाई. टेम्पो बंद म्हणजे संस्था बंद, आणि संस्था बंद म्हणजे उरलेल्या गाईही बाजारात. हे कुणी मोठ्याने बोलत नसे, पण मापाच्या वेळी सगळ्यांचे डोळे कॅनच्या काठाकडे असत.

मार्चपर्यंत बहुतेक गाई तीन किलोमीटरवरच्या चारा छावणीत गेल्या. तिथे ताडपत्रीच्या सावलीला बायका दिवस दिवस जनावरांपाशी बसत. नीलाबाई छावणीत, अप्पा दुकानात, आणि गंगा कधी बीडला, कधी छावणीत, कधी टँकरच्या रांगेत. मला ती पिशवीत घालून सगळीकडे नेई. माझ्या पानांवर रसायनशास्त्राची सूत्रं आणि पेंडीची आठवण शेजारी शेजारी नांदत होती.

एकतिसावी बाई होती मंजुळाबाई. पासष्टीची, एकटी. तिची ढवळी नावाची गाय बारा वर्षं या संस्थेला दूध घालत आली होती. ढवळी म्हातारी झाली, आटली. छावणीत गाईपाशी कुणीतरी राहावं लागे, आणि मंजुळाबाईच्या गुडघ्यांना तीन किलोमीटर झेपत नव्हते. फेब्रुवारीत तिचा भाचा पंडित गाय बाजारात घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे मंजुळाबाई नेहमीसारखी संस्थेच्या ओट्यावर येऊन बसली. हातात कॅन नव्हता. कुणी काही विचारण्याआधी तीच म्हणाली, "सवय हाय, दुसरं काय." त्यानंतर ती रोज येत राहिली.

एप्रिलमध्ये दूध संघाचं एक पत्र आलं. परदेशातल्या एका सहकारी संस्थेने जिल्ह्यातल्या दूध संस्थांच्या तरुण सभासदांना अकरा दिवसांच्या अभ्यासदौऱ्यासाठी बोलावलं होतं. नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड आणि पॅरिस. गंगाने आपल्या संस्थेबद्दल दोन पानं लिहून पाठवली होती, त्यावरून तिची निवड झाली. पत्र वाचून ती आनंदली नाही. पत्राची घडी तिने माझ्यात ठेवून दिली.

"काय झालं गं?" अप्पांनी विचारलं.

"अप्पा, लोक काय म्हणतील? गाव पाण्याला मोताद झालंय अन् ही विमानात फिरायला निघाली."

अप्पा तराजू पुसत होते. म्हणाले, "जा तू. इथं बसून काय ढग आणणार हायेस का?"

संस्थेच्या ओट्यावर ही बातमी कळली तेव्हा दूध घालणारी छबुबाई म्हणाली, "आमाला काय आणशील?"

"काय आणू मावशी?"

छबुबाईने जरा विचार केला. "आणू नको काही. इचारून ये."

आणि मित्रांनो, तिथून माझं खरं काम सुरू झालं. प्रत्येक बाईने एक प्रश्न द्यायचा असं ठरलं. बायका तीस, प्रश्न तीस. गंगाने माझी डिसेंबरची पानं उघडली, कारण ती कोरी होती, आणि एकेका तारखेवर एकेकीचा प्रश्न लिहायला घेतला. दुधाच्या भावाचा प्रश्न बायकांनी मुद्दाम घातला नाही. "ते गडी माणसं इचारतीलच," बायनाबाई म्हणाली. तिचा प्रश्न होता, 'तिकडं शेण कोण काढतं, बाई का गडी?' छबुबाईचा होता, 'गाईला नाव ठेवतात की नुसता नंबर?' वत्सलाबाईच्या सुनेचे दिवस भरत आले होते. वत्सलाबाईने विचारलं, 'बाई बाळंत झाली, नाहीतर तापाने पडली, तर तिच्या गाईची धार कोण काढतं?' नीलाबाई सगळ्यांत शेवटी म्हणाली, "पाऊस न्हाई आला तर त्यांचं गाव काय करतं, ते इचार."

सगळ्या गेल्या. मंजुळाबाई ओट्यावरच होती. गंगा मला मिटणार तेवढ्यात ती म्हणाली, "माझी गाय न्हाई आता. माझा प्रश्न चालंल का?"

"चालेल की मावशी. एक तारीख उरली बघा."

मंजुळाबाईने इकडेतिकडे बघितलं. आवाज खाली घेतला. "म्हातारी झालेली, आटलेली गाय तिकडची माणसं कुटं ठिवत्यात?"

गंगाचा पेन थोडा वेळ कागदावर टेकून राहिला. तिथे शाईचा एक ठिपका पडला, तो अजून आहे. मग तिने एकतीस डिसेंबरच्या पानावर तो प्रश्न लिहिला.

मे महिन्याच्या बारा तारखेला आम्ही निघालो. सोळा जण होतो, त्यात चार मुली. म्होरके होते संघाचे एक संचालक, मोहनराव. साठीचे, जाड भिंगांचा चष्मा, मधुमेहामुळे दर दोन तासांनी खिशातली खारी बिस्किटं काढणारे. गंगाला वाटलं होतं, परदेशात तरी निवांतपणा असेल. कसला निवांतपणा! सहाला उठणे, साडेसहाला न्याहारी, सातला बस, नऊला हे बघणे, अकराला ते बघणे. माझी मे महिन्याची पानं जानेवारीच्या पानांसारखीच दिसू लागली. फक्त हंड्यांची जागा चर्च आणि पुतळ्यांनी घेतली.

पाणी मात्र तिला सगळीकडे दिसत राहिलं. ॲमस्टरडॅमला रस्त्यांच्या मधून पाणी, हॉटेलच्या खिडकीखाली पाणी. पहिल्या सकाळी न्हाणीघरात तिने नळ सोडला आणि लगेच बंद केला. मग बाहेर येऊन माझ्यावर लिहिलं, 'आज अंघोळीला एक बादली. जास्त घेववलं नाही.'

गोठा बघायचा दिवस तिसरा होता. कार्यक्रमपत्रिकेत 'पूर्ण दिवस' असं लिहिलेलं होतं. पण सकाळी काही जणांची घड्याळांच्या दुकानातली खरेदी लांबली आणि दुपारी चारला होडीची फेरी ठरलेली होती. बस गोठ्यापाशी पोचली तेव्हा मोहनरावांनी घड्याळ बघितलं.

"चाळीस मिनिटं. फोटो काढा, बघा, अन् बसा गाडीत."

गंगा उठून त्यांच्यापाशी गेली. मी तिच्या हातात होते.

"साहेब, चाळीस मिनिटांत होणार न्हाई. माझ्याकडं एकतीस प्रश्न हाएत."

"एकतीस? कावून गं पोरी? पीएचडी करतीस का?"

"माझे न्हाईत. आमच्या संस्थेच्या बायकांचे हाएत. त्यांनी काही मागवलं न्हाई साहेब, एवढंच मागवलंय."

मोहनरावांनी हात पुढे केला, मला घेतलं आणि डिसेंबरची पानं चाळली. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बायनाबाईचा प्रश्न वाचला, छबुबाईचा वाचला आणि मग बराच वेळ कुठल्यातरी एका पानावर थांबले. मला परत देताना म्हणाले, "होडी राहू दे. माजलगावच्या धरणावर लई होड्या बघितल्यात मी. आता चिखलात बसल्यात त्या." आणि आमच्याबरोबरच्या दुभाष्याला त्यांनी सांगितलं, की ज्यांना होडीत बसायचंय त्यांनी बस घेऊन जावं, बाकीच्यांना संध्याकाळी न्यायला यावं. अकरा जण गेले, त्यांच्याबरोबर दुभाष्याही गेला. पाच राहिले. मोहनराव राहिले.

गोठा योहाना नावाच्या बाईचा होता. साठीची, उंच, हाताची बोटं सांध्यांपाशी सुजलेली. तिच्याकडे नव्वद गाई होत्या. तिचं इंग्रजी मोडकं होतं आणि गंगाचंही मोडकंच. त्यामुळे दोघी अगदी सोपे शब्द वापरत होत्या आणि एकमेकींना नीट समजत होतं. स्वयंपाकघरातल्या मेजावर मी उघडी पडले आणि एक डिसेंबरपासून सुरुवात झाली.

शेण यंत्र काढतं, पण यंत्र बिघडलं की मीच काढते, योहाना म्हणाली. गाईच्या कानात नंबराचा बिल्ला असतो, पण तिने काहींना नावं ठेवली होती, आणि ती नवऱ्याला माहीत नव्हती. हे ऐकून गंगा खळखळून हसली. पावसाच्या प्रश्नावर मात्र योहाना अडखळली. आमच्याकडे पाणी जास्त होतं, म्हणाली. आम्ही ते बाहेर काढायला पंप लावतो. गंगाने ते लिहून घेतलं. मग तिने ते पुन्हा एकदा वाचून बघितलं, बरोबर लिहिलंय ना म्हणून.

वत्सलाबाईच्या प्रश्नाला सगळ्यांत चांगलं उत्तर मिळालं. योहाना म्हणाली, आमच्या भागातल्या शेतकऱ्यांनी मिळून एक संस्था केली आहे. कुणी आजारी पडलं, कुणी बाळंत झालं, तर संस्था धार काढायला माणूस पाठवते. माझं ऑपरेशन झालं तेव्हा सहा आठवडे एक मुलगी येत होती. मोहनराव खुर्चीत पुढे सरकले. "हे नीट लिही," ते म्हणाले.

मग शेवटचं पान आलं. गंगाने प्रश्न विचारला. योहानाने मेजावरचे पावाचे कण एका ठिकाणी गोळा केले.

"लॉरी येते," ती म्हणाली. "कत्तलखान्याची. त्या दिवशी मी गोठ्यात जात नाही. नवरा जातो. मी इथे घरात काहीतरी यंत्र चालू करते. धुण्याचं यंत्र, कधीकधी रिकामंच. आवाज व्हावा म्हणून." मग तिने विचारलं, "हा प्रश्न कुणाचा?"

"एका बाईचा. तिने तिची गाय विकली."

"लिही मग," योहाना म्हणाली. "मी सांगितलं तसंच लिही."

गंगाने निळ्या शाईत तसंच लिहिलं.

पुढचे दिवस भराभर गेले. जर्मनीत नदी, स्वित्झर्लंडमध्ये बर्फ, पॅरिसमध्ये लोखंडाचा उंच मनोरा. एका खेड्यात रस्त्याकडेला मोठा धबधबा कोसळत होता. गंगाला बीडजवळच्या कपिलधारचा धबधबा आठवला. त्या वर्षी तिथला कडा कोरडा पडला होता आणि दर्शनाला आलेली माणसं वर बघून तशीच परतत होती. तिने माझ्यावर लिहिलं, 'एवढं पाणी पडतंय आणि खाली कुणीही हंडा लावलेला नाही.'

फोनवर नीलाबाई बोलली की शेवटी एक वाक्य असेच, "मंजुळाबाई रोज इचारती, गंगा कवा येनार." ते ऐकून गंगा एकतीस डिसेंबरचं पान उघडून बसे. परतीच्या विमानात तिने पिशवीतून शिसपेन्सिल काढली. निळ्या शाईच्या उत्तराखाली थोडी जागा होती. तिथे तिने बारीक अक्षरात लिहिलं, 'म्हाताऱ्या गाईंना मोठ्या कुरणात सोडतात. मरेपर्यंत त्या तिथेच राहतात.' मला ती पेन्सिल फार टोचली असं नाही. ती हलक्या हातानेच लिहीत होती. तिला वाटत होतं, ती कुणाचं तरी भलं करते आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात संस्थेच्या ओट्यावर बैठक झाली. छावणीवरच्या बायकाही पाळी ठरवून आल्या. गंगा एकेक तारीख उलटत उत्तरं वाचत होती. योहानाने नवऱ्यापासून लपवलेल्या नावांवर छबुबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पाणी बाहेर काढायला पंप, हे ऐकून वत्सलाबाई म्हणाली, "ज्याची त्याची तऱ्हा."

शेवटी गंगाने पेन्सिलीची ओळ वाचली.

"मरेपस्तोर?" मंजुळाबाईने विचारलं.

"हो, मावशी."

"म्हंजी तिकडं कुणी इकत न्हाई."

गंगाने होकारार्थी मान हलवली. मंजुळाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, लुगड्याची धूळ झटकली आणि घराकडे चालू लागली. गंगाला वाटलं, तिला बरं वाटलं असेल.

दुसऱ्या पहाटे मंजुळाबाई ओट्यावर आली नाही. तिसऱ्या दिवशीही आली नाही. त्या दुपारी नीलाबाई छावणीतून आली, पायावर पाणी न घेताच उंबऱ्यात बसली आणि मुलीला म्हणाली, "मंजुळाबाईनं तीन दिस चूल पेटवली न्हाई. पंडित सांगत हुता. म्हनती, दुनियेत समदी माणसं संभाळत्यात, मी एकलीनंच इकली." ती थांबली. "गंगे, त्या बाईनं तसंच सांगितलं हुतं का?"

गंगा माझ्या पुठ्ठ्याची कड नखाने खरवडू लागली.

"मी तुझी माय हाय. वाचताना तुझा आवाज बदलला हुता."

गंगाने मला उचललं आणि तशीच उन्हात निघाली. मंजुळाबाईचं घर गावाच्या टोकाला होतं. दार उघडं होतं. ती भिंतीला टेकून बसली होती. रिकाम्या दावणीचा खुंटा दारातूनच दिसत होता.

"मावशी, मी खोटं वाचलं," गंगा म्हणाली. बसायच्याही आधी म्हणाली. "खरं दुसरंच हाय. वाचू का?"

गंगाने निळ्या शाईची ओळ वाचली. लॉरीचं वाचलं, कत्तलखान्याचं वाचलं. रिकाम्या यंत्राचंही वाचलं.

"पुन्यांदा वाच," मंजुळाबाई म्हणाली.

गंगाने पुन्हा वाचलं.

"ती बाई गोठ्यात जात न्हाई?"

"न्हाई."

"नव्वद गाई असून?"

"हो."

मंजुळाबाईने कोपऱ्यातल्या उखळाकडे बोट केलं. "पंडित ढवळीला घेऊन निघाला तवा मी हितं मुसळ घेऊन बसलते. कुटीत हुते. उखळात काहीबी न्हवतं. ती हंबरंल अन् मला ऐकू यील म्हनून नुसतंच कुटीत हुते. शेजारीन म्हनली, आज काय कुटती गं एवढं? काय सांगू तिला?"

मग ती रडली. फेब्रुवारीपासून ती रडली नव्हती, हे मला नंतर नीलाबाईच्या बोलण्यातून कळलं. गंगा तिच्या शेजारी जमिनीवर बसून राहिली.

डोळे पुसल्यावर मंजुळाबाई जरा करड्या आवाजात म्हणाली, "खोटं कावून सांगितलंस?"

"तुमाला बरं वाटावं म्हणून."

"वाटलं का मग?"

गंगाने नकारार्थी मान हलवली.

"तू मला समद्या दुनियेत एकलं पाडलं, पोरी. ती बाई तिकडं माझ्यावानीच बसती, अन् ते तू माझ्यापासून दडवून ठिवलंस." ती पुढे वाकली. "कुटं लिवलंय खोटं? दाव मला."

तिला वाचता येत नव्हतं. गंगाने तिचं बोट धरून पेन्सिलीच्या ओळीवर ठेवलं. "खोड," मंजुळाबाई म्हणाली. गंगाने पेन काढला आणि त्या ओळीवर एक सरळ रेघ मारली. मग मंजुळाबाई उठली, तिने चूल पेटवली, आणि दोघींनी पिठलं-भाकरी खाल्ली. मी जवळच पडले होते. माझ्या पुठ्ठ्यावर पिठल्याचा एक डाग आहे, तो त्या दिवशीचा.

पुढच्या आठवड्यात बायनाबाई तापाने फणफणली. तिची गाय छावणीत. मापाच्या वेळी तिचा कॅन नव्हता आणि टेम्पोवाला कॅनच्या काठाकडे बघून मान हलवत होता. तेव्हा नीलाबाईने गंगाला वत्सलाबाईच्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा वाचायला लावलं. संस्थेने धार काढायला माणूस पाठवायचा, हे आपल्याकडे का होऊ नये?

"कोण जानार पण?" छबुबाई म्हणाली. "परत्येकीची आपली जनावरं हायेत."

"माझं न्हाई," ओट्यावरून मंजुळाबाई म्हणाली. "मी जाते. छावणीपस्तोर कुणी गाडीवर सोडलं तर."

पंडितने तिला मोटारसायकलवर सोडलं. परक्या हाताला गाय पान्हा सोडत नाही. पहिल्या दिवशी बायनाबाईच्या गाईने तिला लाथ मारून चरवी उपडी केली. दुसऱ्या दिवशी मंजुळाबाई बायनाबाईचं जुनं लुगडं अंगावर घेऊन गेली. गाईने त्याचा वास घेतला, उभी राहिली आणि दूध दिलं. त्या दिवशी कॅनचा काठ जेवढा भरायला हवा होता तेवढा भरला. टेम्पो त्या उन्हाळ्यात बंद झाला नाही. जूनमध्ये पाऊस झाला, चारा उगवायला वेळ लागला, पण तीसच्या तीस बायकांची जनावरं छावणीतून घरी परत आली.

माझी जुलैपासूनची कोरी पानं मग नीलाबाईने घेतली. त्यांवर तिने 'बदलीची धार' असं लिहिलं आणि कुणाच्या घरी, कुठल्या दिवशी, कोण जाणार, त्याच्या पाळ्या मांडल्या. पहिली दोन पानं नुसत्या मंजुळाबाईच्या नावाची होती. नंतर दोघी तिघी तयार झाल्या. मंजुळाबाईने पुढची चार वर्षं लोकांच्या गाईंची धार काढली. तिच्याकडे सगळ्यांच्या लुगड्यांची एक मोठी पिशवीच झाली होती.

वर्ष संपलं. माझं साल जुनं झालं. पाळ्यांसाठी नवी वही आली आणि मी फळीवर पिठाच्या डब्यामागे गेले. एका कोपऱ्याला उंदरांनी दात लावले. चेअरमनसाहेबांच्या फोटोवर कुणीतरी मिशा काढल्या. गंगा शिकली, नोकरीला लागली. आता ती एका दूध शीतकरण केंद्रात काम बघते आणि सणाला घरी येते. मंजुळाबाई आता नाही.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मी सापडले. गंगाने धूळ पुसली आणि डिसेंबरची पानं उघडली. शेजारी बसलेल्या तिच्या मामेबहिणीने एकतीस तारखेवरची खोडलेली ओळ बघून म्हटलं, "ताई, हे खराब दिसतंय. खोडरबरने काढू का? पेन्सिलच आहे खालची."

"नको," गंगा म्हणाली. "राहू दे."

मित्रांनो, तुमच्या घरातही फळीवर अशी एखादी जुनी डायरी असेल. रद्दीच्या ढिगावर टाकण्याआधी तिला एकदा मांडीवर घेऊन उघडा. कुणीतरी तुमच्याच घरातल्या माणसाला फार भरवशाने काही विचारलेलं सापडेल. त्याचं उत्तर द्यायची वेळ तुमच्यावर आली तर जे खरं आहे तेच सांगा, आणि सांगून झाल्यावर लगेच उठून जाऊ नका. त्या माणसाजवळ जरा वेळ बसा.

माझं पान मात्र कुणी पुसू नका. निळी शाई आणि खोडलेली पेन्सिल, दोन्ही तशीच राहू द्या.